देवदाराची पेटी

चीनमधल्या सिच्वानच्या डोंगरातल्या त्या गावात लुओ शौछुनसारखा शवपेट्या करणारा सुतार दुसरा नव्हता, आणि त्याच्याइतका तोंडाळ माणूसही. चर्चची दारं, बाकं, घंटेची चौकट सगळं त्याच्याच हातचं. पण आत जाऊन त्याने कधी गुडघे टेकले नाहीत.

परदेशी पेई फादर गावात आले तेव्हा लुओ विशीतला होता. फादरांचं खरं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून ‘पेई’ हे आडनाव गावानेच त्यांना देऊन टाकलं. पटकीच्या साथीत लुओची बायको छिन्ये मरायला टेकली होती. फादरांनी तिला अकरा दिवस स्वतःच्या हाताने पेज भरवली. लुओ त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. आभार मानायची त्याची रीत वेगळी होती.

फादरांच्या साठाव्या वाढदिवशी त्याने चार गडी लावून त्यांच्या दारात देवदाराची शवपेटी आणून ठेवली.

फादरांचा चेहरा उतरला. “लुओ, माझं काही चुकलं का रे?”

“चुकलं कसलं? साठ झाली ना? आमच्यात म्हाताऱ्या बापाला पोरं जिवंतपणीच पेटी देतात. तुम्हाला पोरं नाहीत, म्हणून मी दिली. झोपून बघा, खांदे अडतात का.”

फादर खरंच आत झोपले. “उशाशी जरा अडचण होते.”

“स्वर्गात जायची एवढी खात्री, आणि इथे जागेची तक्रार!” लुओ म्हणाला. सगळं गाव पोट धरून हसलं. आठ दिवसांत त्याने उशाकडची फळी बदलली.

पुढे दर शरदात लुओ पेटीला रोगणाचा एक हात द्यायचा. फादर शेजारी चहा घेऊन बसायचे आणि दोघे देवावरून भांडायचे. लुओला एवढंच हवं होतं, की हा माणूस शेवटी आपल्या टेकडीवर, आपल्या माणसांत निजावा.

नववा हात वाळत होता तेव्हा बिशपांचं पत्र आलं. फादर थकले होते, त्यांनी मायदेशी परतायचं होतं.

“जाऊ नका,” लुओ म्हणाला.

“आज्ञा आहे, लुओ.”

“मग पेटीचं काय?”

“रोगण देत राहा. येईन मी.”

सत्तरीला आलेला माणूस सात समुद्र ओलांडून परत येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. जाताना फादर त्यांची गवती टोपी खुंटीवरच विसरले.

लुओने आणखी तीन हात दिले. चौथ्या शरदात नव्या फादरांनी निरोप आणला: पेई फादर वारले, तिकडेच पुरलं.

“लाकूड कोणतं होतं?” लुओने विचारलं.

नवे फादर गोंधळले. “ते लिहिलेलं नाही.”

“मुख्य तेच लिहायचं राहिलं.”

दिवसभर तो रंधा हातात धरून नुसता बसून राहिला. त्याला फार वाईट वाटत होतं. शेवटी छिन्ये फादरांची खुंटीवरची टोपी घेऊन आली. “अहो, नदीत वाहून गेलेल्याचं आपण काय करतो? त्याचे कपडेच पुरतो ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाने पेटी टेकडीवर नेली. लुओने टोपी उशाशी ठेवली आणि झाकण ठोकलं. मग पोराने करायचं ते केलं. गुडघे टेकून तीनदा मातीला कपाळ लावलं.

“उशाशी ऐसपैस केलंय, फादर,” तो म्हणाला. “आता तक्रार नको.”