जवाच्या खोलीतली खाज

सकाळी जवाची ताटं हलवताना होसियतआपाच्या मनगटाला खाज सुटली. तिने बाही वर केली, तर बारीक लाल पुरळ.

फरगान्याच्या कापूसपट्ट्यातल्या त्या लहानशा प्रयोगशाळेत ती बावीस वर्षं एकच काम करत होती. जवावर पतंग वाढवायचे, त्यांची अंडी गोळा करून इवल्या गांधीलमाश्यांपुढे ठेवायची. माशी त्या अंड्यात आपलं अंडं घालते आणि त्यातून पतंगाऐवजी माशीच निघते. या माश्या शेतात सोडल्या की बोंडअळीच्या अंड्यांचाही तसाच निकाल लावतात. पण जवात एक कोळी शिरतो, नजरेला न दिसणारा. तो पतंगांच्या अळ्या फस्त करतो. माणसाला चावला तर नुसती खाज.

तिने रानोला हाक मारली. ही मदतनीस पोरगी याच वसंतात कामाला लागलेली.

"जवाची नवीन पोती उकळत्या पाण्यातून काढलीस ना गं, कोळी मरायला?"

"शेवटची दोन राहिली, आपा. गॅस संपला होता."

"कुठल्या ताटांत गेली?"

"पहिल्या दोन खोल्यांत. नेमकं नाही सांगता येणार."

डास चावले असतील, आधी खात्री करू या, असं रानो विनवत राहिली. खात्री होईस्तोवर तिसरी खोलीही हातची जाईल, हे होसियतला ठाऊक होतं. दुपारपर्यंत दोन्ही खोल्यांतला जव तिने स्वतः कढईत उकळून टाकला. चार महिन्यांची मेहनत वाफेबरोबर गेली आणि बोंडअळीचे पतंग तर शेतावर येऊ लागले होते.

तिसऱ्या खोलीतली अंडी तिने माश्यांपुढे ठेवली. चौथ्या दिवशी तिथली अंडी काळी पडली, म्हणजे माश्या आत वाढत होत्या. पण पुरणार होत्या त्या निम्म्याच शेतांना.

धाकटा भाऊ तुर्गुन आला. "माझं शेत पहिलं ना, आपा?"

तिने कालव्याकाठची शेतं निवडली होती. बोंडअळीची अंडी तिथेच जास्त होती. "दहा दिवस थांब, पुढच्या माश्या निघतील. तोवर फवारू नकोस, औषधाने माश्या मरतात."

"सख्ख्या भावालाच नाही?" म्हणत तो चहाला न थांबता निघून गेला.

दहा दिवसांनी ती माश्या घेऊन गेली, तर त्याच्या बांधावरच औषधाचा वास आला. आधीच्या माश्या सोडल्या होत्या त्या कालव्याकाठी जाऊन तिने कपाशीची पानं उलटून पाहिली. दहांतली सात अंडी काळी होती.

तुर्गुन पाटापलीकडून बघत होता. थोड्या वेळाने आला आणि तिच्या हातातलं भिंग मागून घेतलं. बराच वेळ पाहिलं.

"फवारल्यावर किती दिवसांनी माश्या सोडता येतात?"

"तीन आठवडे तरी," ती म्हणाली. तोवर बोंडं वाचतील का, हे तिलाही ठाऊक नव्हतं.