उंटवाल्यांचं मूळ

मास्तरकी मिळायला मुल्की दाखला, म्हणजे आपण निजामाच्याच मुलखातले असल्याचा कागद लागायचा. धाराशिवच्या कचेरीत तो देणाऱ्या म्हाताऱ्या कारकुनांना नेमकं आडनावांचं वेड. अर्जावर 'उंटवाले' दिसताच त्यांनी चष्मा पुसला. "मतलब काय? आलं कुठनं? घरं किती?" मी चार खेटे घातले, दर वेळी चष्मा पुसून तेच तीन सवाल. अखेर वैतागून थाप मारली, "आमचे पूर्वज बादशहाचे उंट घेऊन दिल्लीहून आले!"

"असं? परवा जुम्म्याची सुट्टी. बघतो."

शनिवारी गेलो, तर बाहेर त्यांची सायकल धुळीनं माखलेली. "तुमच्या गावी, अणदूरला जाऊन आलो, जनाब. तुमचे पणजोबा खंडोबाच्या जत्रेत एकदाच उंटावर बसले अन् पडले. घर एकच. गाव अजून लई हसतं."

मी खाली मान घातली.

"दिल्ली लिहिली असती तर परमुलखातले ठरला असता. नोकरी हातची गेली असती," म्हणत त्यांनी दाखल्यावर मोहर उठवली. मी अधाशासारखा हात पुढं केला. त्यांनी कागद मागं ओढून चष्मा काढला.

"आईचं माहेरचं आडनाव?"