दगडावरचं चौथं नाव

आमच्या वेशीबाहेर, करमाडकडं जाणाऱ्या रस्त्याला, एक उंचवटा आहे. त्याला शिपायांची समाध म्हणतात. कुठल्याशा जुन्या लढाईत पडलेले सगळे शिपाई तिथं एकाच खड्ड्यात पुरले, एवढंच गावाला माहीत. त्यांची नावं, जात, धर्म कुणालाच ठाऊक नाही. गावातला पोरगा फौजेत निघाला की त्याची आई तिथं दहीभात ठेवते. मीही ठेवला होता.

गेल्या वर्षी ग्रामपंचायतीनं त्या समाधीशेजारी काळ्या दगडाचं स्मारक उभारलं. गावच्या तीन शहीद जवानांची नावं त्यावर कोरायची होती. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी मी रांगोळी काढायला गेले. अंगणवाडीची बाई म्हटल्यावर असली फुकटची कामं माझ्याच गळ्यात पडतात. दगडावर झाकलेलं कापड धुळीनं माखलेलं होतं. झटकावं म्हणून उचललं, तर खाली चार नावं. चौथं माझ्या लेकाचं.

लेक सीमेवर होता. आठ दिवस त्याचा फोन बंद होता. माझ्या तोंडून किंकाळी फुटली.

सरपंच धावत आला. "काकू, चूक झाली हो! उद्या जवानाची आई म्हणून तुमचाबी सत्कार हाये, त्यासाठी तुमच्या पोराचं नाव त्याच कागदावर खाली लिवलं व्हतं. कोरणाऱ्यानं तेबी उचललं. पोरगं बरं हाये तुमचं."

"अन् मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणत्यात," मागून कुणीतरी म्हणालं.

मला एक अक्षर खरं वाटेना. आमच्याकडची रीत मला पाठ आहे. जवान गेला की साऱ्या गावाला कळतं, फक्त त्याच्या आईला कळू देत नाहीत. पार्थिव वेशीत येईपर्यंत. टीव्हीची केबल काढतात, फोन लपवतात, आईला बोलण्यात गुंतवून ठेवतात. दोन वर्षांपूर्वी शेजारणीच्या दारात मीच बसले होते. "जखमी हाये, येईल," असं तिला दिवसभर सांगत होते, चांगलं डोळ्याला डोळा भिडवून. आता मला जो तो तसाच दिसत होता. कुणी पाणी दिलं तरी भीती वाटे, कुणी गप्प बसलं तरी भीती.

"खोटं बोलताय मेल्यांनो!" मी ओरडले.

तेवढ्यात ती शेजारीण आली. दगडावरचं तिसरं नाव तिच्या लेकाचं. तिनं माझा हात धरला.

"तुझा हाये," ती म्हणाली. "तू मला खोटं बोलली व्हतीस. मी तुला खोटं बोलणार नाय."

शरमेनं मला मान वर करवेना. पण विश्वास बसला तो तिच्यावरच. आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो, फोन माझ्या मांडीवर. दुपारी तो वाजला.

"आई, रेंज नव्हती गं," लेक इतकं सहज म्हणाला की दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. मी रडत होते आणि त्याला शिव्याही देत होते.

शेजारणीनं हात पुढं केला. "मलाबी ऐकू दे."

मी फोन दिला. तिनं तो कानाला लावला. पलीकडून त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता, "आई? आई, बोल ना." ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "व्हय, बोल बाळा."

मी फोन परत मागितला नाही.