नैऋत्येची खोली

ऑगस्टातली सकाळ. सिडनीच्या केलीव्हिलमध्ये रात्री अशी थंडी पडली होती की पुढच्या हिरवळीवर मीठ शिंपडल्यासारखं दव गोठून बसलं होतं. आभाळ मात्र लख्ख, एक ढग नाही. प्रताप चहाचा मग घेऊन पुढच्या खोलीत आला, कॉम्प्युटर चालू केला आणि खुर्चीत बसायच्या आधी खिडकीचा ब्लाइंड सर्रकन खाली ओढला. रोजचंच होतं ते. ह्या खिडकीतून ऊन असं आडवं घुसायचं की स्क्रीनवरची एक रेघ धड दिसायची नाही.

प्रताप घरांचे नकाशे काढायचा. विट्याजवळच्या गावातून निघालेला गडी. कराडला सिव्हिलचा डिप्लोमा केला, सिडनीला येऊन पुढचं शिकला, शिकता शिकता पेट्रोल पंपावर रात्री काढल्या, कायम राहायचा पीआर मिळवला आणि एका बिल्डरच्या ऑफिसात चिकटला. ह्या भागात माळावर जी नवी घरं ओळीनं उठली, त्यातली कितीतरी आधी त्याच्या स्क्रीनवर उभी राहिली होती. लॉकडाऊन लागला तसं ऑफिस ह्या खोलीत आलं. आज एका गुजराती कुटुंबाचं काम होतं. आईवडील येऊन राहणार, त्यांना खाली खोली पाहिजे. प्रतापनं हात सवयीनं चालवला. गॅरेज, जिना, लॉन्ड्री, आणि लॉन्ड्रीच्या मागं कोपऱ्यात एक चौकोन. झाली खोली.

"प्रताप," जिन्यावरून शुभदा म्हणाली. ती बँकेच्या आयटीत होती, तिचं ऑफिस वरच्या बेडरूममध्ये. "डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल आत्ता येईल. आईंना उठव, केस विंचर म्हणावं. आणि प्लीज, त्यांच्याऐवजी उत्तरं तू देऊ नकोस."

हा कॉल त्यानं दोनदा पुढं ढकलला होता. आज डॉक्टरीणबाई आईची स्मरणशक्ती तपासणार होत्या.

त्याची आई, विमल, मागच्या वर्षी फेब्रुवारीत सहा महिन्यांसाठी आली, आणि मागं दार लागलं. विमानं बंद, सरहद्दी बंद, व्हिसा वाढव, पुन्हा वाढव. पहिला हिवाळा बरा गेला. देवळात जायची, शुभदाच्या मैत्रिणींना थालीपीठ थापायला शिकवायची, आणि बोलायला लागली की समोरच्याचा चहा थंडगार. ह्या हिवाळ्यात मात्र घरोघर कुलपं लागली तशी ती मिटत गेली. जेवताना मान खाली. विचारलं तर "हाय की बरी." मग एकेक गोष्टी व्हायला लागल्या. गाडीची किल्ली देव्हाऱ्यात सापडली. लॉकडाऊनमुळं गाडी दारातच उभी, तरी तिची बॅटरी दोनदा उतरली. त्याचा ठपका मितालीवर आला. त्याची पोरगी, नऊ वर्षांची. "I didn't even touch it, Baba," म्हणून रडली बिचारी. आणि परवा शुभदा खालच्या आवाजात म्हणाली होती, "आई म्हणतात, सूर्य उलटा चालतोय. मला भीती वाटते रे आता." प्रतापनं नुसती मान हलवली होती. डिमेन्शिया हा शब्द दोघांनीही उच्चारला नव्हता, पण तो घरात राहायला आला होता.

तो मागच्या खोलीपाशी गेला. "आई, ऊठ गं. डॉक्टर यायला लागल्यात."

पलंग रिकामा. गोधडी नीट घडी केलेली. बाथरूम रिकामं. लॉन्ड्री, मागचं अंगण, कुठंच नाही. "मिताली, आजी कुठाय?" जिन्याच्या पायरीवर आयपॅड घेऊन शाळेत बसलेल्या पोरीनं हेडफोन न काढताच खांदे उडवले. "Her room, I guess."

प्रताप परत त्या खोलीत आला. पलंगावर बसला आणि काय वाटलं कुणास ठाऊक, आडवाच झाला. उशीवर डोकं ठेवून आई जे बघते ते त्यानं पहिल्यांदा बघितलं. खिडकी. खिडकीबाहेर हातभरावर पत्र्याचं करडं कुंपण. आभाळ बघायचं तर मान वाकडी करायला लागत होती. भिंतीला हात लावला तर विहिरीच्या आतल्या दगडागत गार आणि ओलसर. पलीकडं लॉन्ड्रीत ड्रायर घरघरत होता. घरात दोघी बोलत असतील, कामं करत असतील, त्यातला एक आवाज इथवर पोचत नव्हता. बाहेर ऑगस्टाचं लख्ख ऊन पडलेलं, आणि ह्या खोलीत दिवा लावल्याशिवाय घड्याळ दिसेना.

तो ताडकन उठला. पोलिसांना फोन करायचा म्हणून पुढच्या खोलीत धावला. फोन उचलता उचलता, रस्त्यावर कुठं दिसते का बघावं म्हणून त्यानं ब्लाइंड वर ओढला.

काचेपलीकडं, चार पावलांवर, दारातल्या गाडीत आई बसली होती.

डाव्या सीटवर. शाल पांघरलेली, मान खांद्यावर कललेली, तोंड उघडं. सगळं ऊन तिच्या तोंडावर. प्रतापला तिची छाती हलताना दिसेना. कुठल्या दारानं तो बाहेर पडला, दवावर अनवाणी कसा धावला, त्याला नंतर आठवलं नाही. गाडी आतून लॉक होती. त्यानं तळहातानं काच बडवली. "आई! ए आई!"

विमलनं डोळे उघडले. शांतपणानं पदर सारखा केला आणि बटण दाबून काच दोन बोटं खाली घेतली.

"वराडतुयास कशाला? माणसं बघत्यात."

तो गाडीला धरून उभा राहिला. "हितं काय करतीस?"

"बसलीया."

"कधीपासनं?"

"रोजच बसती. तू तकडं पडदा वढलास की म्या हकडं बसती. तुझा पडदा पडला म्हंजी तू कामाला लागलास, हे मला बी कळतंय." तिनं समोर बोट केलं. "हितं ऊन येतंय. माणसं दिसत्यात. ती बघ, ती म्हातारी कुत्रं घिऊन जाती नव्हं, ती मला हात करती. चिनी हाय जनू. मधनं मधनं रेडू लावती. भाषा कळत न्हाई, पर बोलतंय कुनीतरी."

बॅटरी. किल्ली. प्रतापच्या डोळ्यासमोर एकेक गोष्ट जागेवर बसत गेली आणि प्रत्येक गोष्टीगणिक तो गार पडत गेला. भिंतीच्या अलीकडं तो, उन्हाचा त्रास होतो म्हणून ऊन बंद करून लोकांची घरं मांडत होता. पलीकडं त्याची आई, घरात जागा नाही म्हणून गाडीत ऊब शोधत होती. चार बेडरूमचं घर. हौसेनं बांधलेलं.

शुभदा धावत आली, तिच्या पायात एकच चप्पल. "आई! अहो, काय हे, आम्ही किती..."

"शुभदा," प्रताप म्हणाला, "आई काय म्हणत होती सूर्याचं?"

"आत्ता ते कशाला?"

"उत्तरंनं जातोय की ह्यांचा सूर्य," विमलच म्हणाली. "आपला दक्षिणंनं जातो. म्या तुला सांगाय लागली तर तू घाबरल्यावानी बघाय लागलीस. मग गप बसली."

प्रतापनं कपाळाला हात लावला. प्रत्येक कागदावर उत्तरेचा बाण काढणारा तो. गिऱ्हाइकांना पढवायचा, इथं ऊन उत्तरेकडून येतं, बसायची जागा उत्तरेला घ्या. आणि हीच गोष्ट आईच्या तोंडून आली तेव्हा त्यानं ती रोगाच्या खात्यात टाकली होती. आणि ती मागची खोली? प्लॉट घेतला तेव्हा आईचाच फोन आला होता. गावचे गुरुजी सांगतात, घरातल्या मोठ्या माणसाची खोली नैऋत्येला पाहिजे, घर स्थिर राहतं. त्यानं एका शब्दानं वाद घातला नाही. आईचं मन राखलं म्हणून खूषच झाला होता. गावाकडं नैऋत्येला थंडीत दुपारचं ऊन येतं. इथं नैऋत्य म्हणजे हिवाळाभर सावली. हे त्याला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती.

"मग सांगायचं न्हाईस व्हय, खोली बदल म्हणून?"

"कुठल्या तोंडानं? सगळ्या भिशीत सांगून आली की, पोरानं गुरुजींच्या सबुदावर घर बांधलं म्हून." विमल पुढं बघायला लागली. "इचारनार व्हती गुरुजींस्नी. म्हनलं, परवानगी द्या, पुढच्या खोलीत सरकती. चैतात फोन लावला तर सूनबाईनं उचलला. गुरुजी गेलं. करोनानं. चार दिवसात गेलं." तिनं शालीचं टोक तोंडावर धरलं. "आता कुनाला इचारायचं? ज्यानं सांगितलं त्योच न्हाई, तर सोडवायचं कुनी?"

प्रताप नि शुभदा, दोघांनाही हे माहीत नव्हतं. गुरुजी जाऊन चार महिने झाले होते. त्याच्या लग्नात मंगलाष्टका म्हणणारा माणूस गेला होता, आणि आईनं ते सुतक त्या गारठ्यात एकटीनं धरलं होतं.

विमलनं गाडीचं लॉक काढलं. शुभदानं दार उघडलं, मागच्या सीटवर बसली आणि सासूच्या खांद्यावर हात ठेवला.

तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. डॉक्टरीणबाई लखनौच्या, हसऱ्या. "नमस्ते माँजी, आप गाड़ी में? लॉकडाऊन में कहाँ चलीं?"

"कहीं नहीं," विमल म्हणाली, "दारमेंच है."

"अच्छा बताइए, अभी कौन सा मौसम चल रहा है?"

"हमारे उधर श्रावन. बारीश. इनके इधर थंडी." तिनं शुभदाकडं वळून विचारलं, "दोन्ही सांगायचं का एकच?"

बाई हसल्या. पुढचं सगळं विमलनं नीट सांगितलं, शंभरातून सात सात वजा करताना मात्र अडखळली आणि म्हणाली, ते मला शाळेत बी आलं न्हाई. बाई म्हणाल्या की महिन्यानं परत बघू, रक्त तपासून घेऊ, पण मला वाटतं माँजींना माणसांची आणि उन्हाची गरज आहे. प्रतापनं ते ऐकलं आणि त्याला स्वतःच्या नकाशातले चौकोन दिसायला लागले. लॉन्ड्रीच्या मागं, गॅरेजच्या मागं, कुंपणाकडं तोंड केलेले. आईवडिलांसाठी म्हणून किती घरांत काढले असतील त्यानं? आत्ता ह्या क्षणी त्यातल्या कुणाकुणाचे म्हातारे उशीवरून पत्रा बघत असतील? गुजराती कुटुंबाचा तो कोपरा तर अजून स्क्रीनवर उघडा होता.

"आई, पुढची खोली तुझी," तो म्हणाला. "आज. आत्ता."

"गुरुजी..."

"गुरुजींचं सूत्र गावच्या सूर्याला धरून होतं. हितल्या घरांचं मी बघतो. मी सांगतो, सरक."

विमलनं त्याला खालवर न्याहाळलं. अनवाणी पाय, नाईट पँट, डोळ्यांत पाणी. "तू? तू रं कधी गुरुजी झालास?"

"हितं दुसरं कोण हाय?"

तिनं दार उघडून एक पाय बाहेर टाकला. "बघ बाबा. पाप लागलं तर तुझ्या माथी. आनि माझा देव्हारा म्या सोता हलवनार, तू हात लावायचा न्हाई."

दुपारपर्यंत पलंग पुढं आला आणि टेबल मागं गेलं. मितालीनं आजीच्या गोधडीवर उडी मारून "It's so warm, Aji" म्हणत लोळण घेतली. चिनी म्हातारी कुत्रं घेऊन परत जाताना थबकली, गाडीकडं बघितलं, मग खिडकीत विमलला बघून तिनं हात केला.

मागच्या खोलीत प्रतापनं स्वेटरवर स्वेटर चढवला आणि नकाशातला तो कोपरा पुसून टाकला. मॅनेजरला समजावायला लागणार होतं, जिना हलणार, गॅरेज अरुंद होणार, गिऱ्हाईक कटकट करणार. बोटं गारठली होती. पुढून आईचा आवाज येत होता, ती गावाकडं कुणाला तरी फोनवर इथल्या उलट्या सूर्याचं सांगत होती, पहिल्यासारखी, मधे श्वास न घेता.

"प्रताप," वरून शुभदा म्हणाली, "मीटिंग लांबतीय. कुकर तू लाव."

तो उठला, तपेल्यात तांदूळ घेतले आणि नळाखाली धुवायला लागला.