रिफा ते मआमीर, इंग्लंडमार्गे

इथे बहारीनमध्ये रिफाहून मआमीरच्या कारखान्यापर्यंत मी रोज ज्यांच्या गाडीतून जातो, ते आमचे स्टोअर्स सांभाळणारे गृहस्थ मूळचे रत्नागिरीचे. इंग्लंडला कधीही गेलेले नाहीत. गाडीत रेडिओ मात्र इंग्लंडचाच, आणि सकाळी सकाळी त्या देशाची यथेच्छ धुलाई.

"पंतप्रधान आहेत का काय? माझ्या गाडीचे टायर जास्त टिकतात! आणि काय हो, स्पर्धेत केक बसला म्हणून टीव्हीवर रडतात? एवढी मोठी माणसं?"

सरकारी दवाखान्यांवर तर विशेष राग. "नंबर लागेपर्यंत पेशंट खलास!" मी नुसती मान डोलावतो. वाद घातला तर ते स्टिअरिंग सोडून हातवारे करतात.

परवा जेवणाच्या सुट्टीत आमचा इंग्रज इंजिनियर फोनकडे बघत बसला होता. तिकडे इंग्लंडात त्याच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललं होतं. मला वाटलं, झालं, आता आमचे रत्नागिरीकर सुरू होणार! यांनी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "तुमचे दवाखाने फार चांगले. आईला नीट बघतील, इंशाल्ला."

परतताना मी टोकलं, "रोज तर शिव्या घालता!"

"आपण घालायच्या. आपलं कोण आहे तिथं? त्याची आई आहे."

दुसऱ्या दिवशी रेडिओवर दवाखान्यांचीच बातमी लागली. मी धुलाईच्या तयारीने सरसावून बसलो. त्यांनी आवाज बारीक केला आणि विचारलं,

"म्हातारीचा नंबर लागला असेल का हो?"