गवंड्याच्या न्हाणीचं दार

गवंड्याची बायको चार महिने समाजकल्याण कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत होती. अपंग माणसाच्या घरात फेरबदल करायला सरकार पैसे देतं, असं इस्पितळातल्या नर्सनं सांगितलं, तेव्हापासून. कधी साहेब जेवायला गेलेले, कधी दाखल्यावरचा शिक्का पुसट. बाईच्या नाकी नऊ आले होते. नवरा परांचीवरून पडून कमरेखाली लुळा झालेला, आणि त्याची चाकाची खुर्ची न्हाणीच्या दारात बरोब्बर चार बोटांनी अडायची. मग रोज ती त्याला काखेत हात घालून उचलायची आणि उंबऱ्यावरून आत न्यायची. पन्नाशीची बाई, कंबर केव्हाच कामातून गेलेली. डॉक्टर म्हणाले, असंच उचलत राहिलात तर घरात दोन खुर्च्या लागतील. यावर हसायलाही अंगात त्राण हवं ना.

शेवटी एकदाचं पत्र आलं. गुरुवारी पाहणीला माणूस येणार होता.

दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं. बुधवारी बाई कामावरून आली, तो घरभर सिमेंटची धूळ. नवऱ्यानं जुने जोडीदार बोलावून न्हाणीची भिंत फोडून दार रुंद करून घेतलं होतं, उंबराही काढला होता. आतली फरशी, धरायचे दांडे, बसायचा कट्टा, सगळं बाकीच.

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

"फुकटात झालं. निदान उंबऱ्यावरून तरी उचलायला नको तुला."

आता या माणसावर ओरडायचं तरी कसं? मंजुरीआधी काम सुरू केलं तर पैसे मिळणार नाहीत, हे अर्जाच्या पहिल्याच पानावर होतं. तिनं ते दहादा वाचलं होतं. त्याला वाचून दाखवायचं तेवढं राहिलं.

पाहणीचा माणूस तरुण होता, मवाळ होता. टेप हातात घेऊन तो दारापाशी नुसताच उभा राहिला.

"काम सुरू केलंत, काकू? मग अर्ज रद्द होतो. आता पुढच्या वर्षी नवीन."

बाईनं चार महिन्यांच्या कागदांची पिशवी त्याच्यापुढे ठेवली. त्या पोरालाच कसंसं झालं. हळूच म्हणाला, "भिंत आपोआप ढासळली असेल तर गोष्ट वेगळी. मग बाकीचं काम धरता येईल."

बाईनं नवऱ्याकडे पाहिलं आणि आशाच सोडली. याच्या हातची भिंत पडली असं म्हणायची तीस वर्षांत कुणाची टाप नव्हती. एकदा एका मालकानं तडा गेला म्हटलं, तर यानं आठवड्याची मजुरी सोडली, पण दोष घेतला नाही. आणि हे घर तर त्यानंच उभं केलेलं, वीट न् वीट.

"ढासळली," नवरा म्हणाला.

"कारण काय लिहू?"

"कच्चं काम. सिमेंट कमी घातलं होतं."

"बांधलं कुणी होतं?"

"जाऊ दे ना, कशाला हवंय ते," बायको म्हणाली.

"रकान्यात नाव लागतं, काकू."

गवंड्यानं स्वतःचं पूर्ण नाव सावकाश सांगितलं आणि सही कुठं करायची ते विचारलं.