छत्तीसातले एकतीस

कोल्हापुरी माणूस तोंडावर बोलतो, अशी आमची ख्याती आहे. रस्सा पातळ झाला तर जेवणारा वाटी पुढं करून 'ह्यात पोहायचं हाय व्हय?' असं यजमानालाच विचारतो. लग्नाच्या बोलणीत मात्र हाच माणूस एकदम मवाळ होतो. मुलगी पसंत नाही, घर पसंत नाही, यातलं काही म्हणत नाही. 'पत्रिका जुळत न्हाय' म्हणतो. दोष कुणाचाच नसतो, जे काही बिघडलेलं असतं ते वर आकाशात, आणि दोन्ही घरं पुढच्या जत्रेत एकमेकांना चहा पाजायला मोकळी राहतात. सोय म्हणून पद्धत चांगलीच आहे.

आमच्या घराला ही सोय नव्हती. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा पंचांग घराबाहेर गेलं, ते पुन्हा आलं नाही. पप्पा साखर कारखान्यात फिटर होते. ग्रहताऱ्यांना त्यांची त्यांची कामं असतात, आपल्यात लक्ष घालायला त्यांना वेळ नाही, एवढंच त्यांचं मत. मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते, त्यामुळे तारे माझ्याकडं येतात ते पगारापुरते.

सप्तर्षी शिकवताना मी फळ्यावर सात ठिपके काढते. ग्रीकांना ह्यात अस्वल दिसलं, चिन्यांना सम्राटाचा रथ, इंग्लंडच्या शेतकऱ्याला नांगर. आपल्या खेड्यातल्या लोकांना दिसली झोपायची बाज, आणि ती पळवून नेणारे तीन चोर. ज्याच्या घरात जे असतं ते तो वर नेऊन ठेवतो, असं मी सांगते आणि पोरं ते वहीत उतरवून घेतात. हे वाक्य मला स्वतःलाच फार आवडायचं.

त्याच कॉलेजात तो फिजिक्स शिकवायचा. कागलकडचा, घरची शेती, दारात म्हशी. तीन वर्षं स्टाफरूममधला गुळमट चहा एकत्र प्यायल्यावर आम्ही लग्न करायचं ठरवलं. मला तो मनापासून आवडत होता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नुसतं गमतीचं वाटायला नको. त्यानं घरी सांगितलं, आणि एका बुधवारी आईवडिलांना घेऊन तो आमच्याकडं आला.

त्याच्या आईनं पोह्यांची बशी 'उपास हाय' म्हणून हलकेच बाजूला सारली. बुधवारी कसला उपास, हे आम्ही विचारलं नाही. इकडचं तिकडचं झालं, उसाचा विषय झाला. मग त्याचे वडील म्हणाले, "पोरीची जन्मवेळ तेवढी सांगा."

"आमच्यात पत्रिका काढत न्हाईत," पप्पा म्हणाले.

"आमच्यात लागती की, पावणं. तुम्ही नुसती येळ द्या, आमी काढून घेतो."

पप्पांनी सुपारीचं तबक पुढं ओढलं. ते आता नाही म्हणणार, आणि विषय इथंच संपणार, असं मला वाटलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "सकाळी सव्वासहा." पप्पांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि पाहुण्यांना सुपारी दिली. त्यांच्या हयातीतली ती पहिली माघार असावी.

अशी माझी पत्रिका निघाली. आधी मला वाटलं, यांना जुळवायचीच आहे. माझ्या भाबडेपणाला काही तोड नाही. ती हवी होती न जुळण्यासाठी. पत्रिकाच नसेल तर माणसाला सभ्यपणे नाही कसं म्हणणार?

पण पहिल्याच ज्योतिषानं घोळ घातला. छत्तीसपैकी एकतीस गुण जुळले म्हणाला. आमचा नवरदेव सकाळी धावत स्टाफरूममध्ये आला, "एकतीस गं!" म्हणाला, आणि दोन वडे मागवले. मीही खाल्ले. फिजिक्सवाला आणि भूगोलवाली मिळून नक्षत्रांचे आभार मानत होतो, आणि त्यात काही वावगं आहे असं दोघांनाही वाटलं नाही.

त्याच्या घरी मात्र वड्यांचं वातावरण नव्हतं. त्याची आई दुसऱ्या ज्योतिषाकडं गेली, थेट आजऱ्याला. त्यानं तर घरात लक्ष्मी येणार म्हणून सांगितलं. बिचारीनं दक्षिणा दिली आणि हात हलवत परतली. शेवटी त्याच्या मामानं तिसरा शोधला. तो कामाचा निघाला. मुलीचं नक्षत्र आश्लेषा, सासूच्या जिवाला वाईट, असं त्यानं सांगितलं. पहिल्या दोघांना ते दिसलं नव्हतं, किंवा दिसूनही त्यांनी मनावर घेतलं नव्हतं.

हे सगळं नवरदेवानं मला फिजिक्सच्या लॅबमध्ये सांगितलं. "माझा विश्वास नाही गं. पण आईच्या जिवाचा प्रश्न आहे."

"मग तू तुझ्या तोंडानं म्हण," मी म्हटलं. "आमच्या घरात बौद्धाची मुलगी चालत नाही, असं म्हण. मी ऐकून घेते. वर बोट दाखवू नकोस."

तो हातातलं भिंग रुमालानं पुसत राहिला. आधीच लख्ख होतं ते. बराच वेळ पुसून झाल्यावर म्हणाला, "एकदा चौथ्याला विचारून बघू का?"

मला हसू आलं, आणि तेवढ्यात रडूही आलं, म्हणून मी तासाला निघून गेले. त्यांच्या घरात नकार होता, तो त्यांनी वर नेऊन ठेवला. माझंच वाक्य, आणि किती महागात पडलं ते मला.

संध्याकाळी त्याच्या वडिलांचा पप्पांना फोन आला. स्पीकर चालू होता, आम्ही सगळेच ऐकत होतो. "पोरगी लाखात एक हाय, पावणं. पर पत्रिका जुळत न्हाय. आता आपल्या हातात काय हाय?" पप्पा फक्त "बरं" म्हणाले. आई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "मीच येळ सांगितली. माझं तोंड जळो."

पप्पा फोन हातात धरून बसून राहिले होते.

"त्यो पयला ज्योतिषी," ते म्हणाले, "किती म्हणालता?"

"एकतीस."

"छत्तीसात?"

"हो."

त्यांनी मान हलवली. उभ्या जन्मात पंचांगाला हात न लावलेला माझा बाप मनातल्या मनात हिशेब करत होता.

"म्हंजे चांगलं जुळत हुतं की गं," ते म्हणाले.

कॉलेजात मी प्रमाण भाषेत बोलते, घरातही बहुतेक तशीच. त्या दिवशी त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "व्हय पप्पा. लई चांगलं जुळत हुतं."